पोलोला स्पेसर, उंची कंपनीचीच : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

गाडी २०१६ सालची फोक्सवॅगन पोलो आहे, कंपनीच्याच १५ इंची अलॉयवर, टायर १८५/६० आर१५. मागे उभे राहून पाहिले की मागची चाके पुढच्यांपेक्षा आत गेलेली दिसतात. हा फरक स्पेसर, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बोल्टने बसते तो हब यांच्यामध्ये घालायची धातूची चकती, लावून भरून काढणे एवढाच या कामाचा हेतू आहे. सस्पेन्शनला हात लावायचा नाही, ही अट आजच लिहून ठेवतो, कारण एकदा काम सुरू झाले की मोह आवरत नाही. नाशिकच्या इंदिरानगरातील आमच्या सोसायटीत तळघराच्या पार्किंगचा उतार जिथे संपतो तिथे एका शेजाऱ्याची खाली घेतलेली गाडी रोज पोट घासते आणि तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. शिवाय वणीला जाताना घरची सगळी माणसे आणि सामान भरले की मागची बाजू चांगलीच दबते, आणि पावसाळा संपता संपता कसाऱ्यापर्यंतच्या महामार्गाची जी दशा झालेली असते ती पाहता १६५ मिमीच्या आसपासचा ग्राउंड क्लिअरन्स घालवणे मला परवडणार नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचे मत फोनवर मिळाले : "मामा, पस्तीस मिमी तरी खाली घ्या, नाहीतर चाकावरची फट तशीच राहील आणि स्पेसर कुणाच्या लक्षातही येणार नाही." फट राहील हे खरे आहे आणि ती मला मान्य आहे. मात्र त्याने पाठवलेले आकडे, म्हणजे पुढे १५ आणि मागे २० मिमी, जसेच्या तसे घेता येणार नाहीत, कारण ते सगळे खाली घेतलेल्या गाड्यांचे आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात असलेले सस्पेन्शन) असलेली गाडी खाली घेतली की चाकाचा कॅम्बर थोडा निगेटिव्ह होतो, म्हणजे टायरचा माथा आत झुकतो आणि मडगार्डच्या कडेपाशी तेवढी जागा मोकळी होते. कंपनीच्या उंचीवर हा झुकाव मिळत नाही, आणि स्प्रिंग मऊ व लांब असल्यामुळे चाकाला वर येण्यासाठी प्रवासही जास्त असतो. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम आहे. त्यात चाक वरखाली झाले तरी कॅम्बर जवळपास बदलत नाही, म्हणून टायर मडगार्डच्या कडेला जवळजवळ सरळ उभ्या रेषेत सामोरा जातो. तेव्हा जाडी ठरवायची ती याच गाडीवर, याच उंचीवर आणि भरलेल्या अवस्थेत मोजून.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजेसाठी गाडी धुऊन निघाली होती, म्हणून मापेही आजच घेतली. चारही टायरमध्ये हवा ३२ पीएसआय करून घेतली, गाडी चार-पाच फूट पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू दिले, स्टिअरिंग सरळ केले आणि बांधकामावरचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यावर सोडला. दोरी आणि टायरच्या साइडवॉलचा सर्वांत फुगीर भाग यांतील अंतर पोलादी पट्टीने मोजले. रिमच्या कडेपासून मोजण्याची पद्धत मला पटत नाही, कारण मडगार्डला लागणार असेल तर आधी लागतो तो टायरचा फुगवटा.

पुढे डावीकडे १३ मिमी आणि उजवीकडे १४ मिमी अंतर आले. मागे डावीकडे १९ आणि उजवीकडे २२. मागच्या दोन बाजूंत तीन मिमीचा फरक पाहून पुन्हा मोजले, पण आकडे तेच राहिले. बॉडी आणि मागचा बीम यांची मध्यरेषा काही मिमीने इकडेतिकडे असणे ही कोणत्याही सर्वसाधारण मोटारीत आढळणारी गोष्ट आहे, त्यामुळे त्यात काळजीचे काही नाही. मात्र जाडी ठरवताना मागच्या डाव्या चाकाचा १९ हाच आकडा धरावा लागेल. उजवीकडच्या बावीसवर भरवसा ठेवून चालणार नाही.

१६ ऑक्टोबर

एक चाक काढून त्याच्या पाठीवरचा मजकूर वाचला : ६जे × १५ एच२, ईटी४०. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमची मध्यरेषा आणि चाक हबला टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर. दहा मिमीचा स्पेसर लावला की चाळिसाचा ऑफसेट तीस झाल्यासारखाच परिणाम होतो, आणि पंधराचा लावला तर पंचवीस. हबवर पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर आहेत, मधल्या कॉलरचा व्यास ५७.१ मिमी आहे आणि बोल्ट एम१४×१.५ मापाचे. या गाडीला हबवर स्टड नाहीत. बोल्ट चाकातून थेट हबमध्ये जातात, म्हणून स्पेसर जितका जाड तितकेच बोल्टही लांब घ्यावे लागतात.

पुढच्या चाकांबाबत मी अधिक सावध आहे. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला, तर तो जिथे टेकेल ती जागा आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांतील अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या अशा गाड्यांत हे अंतर बहुधा शून्याजवळ किंवा शून्याच्या आतल्या बाजूला ठेवलेले असते, जेणेकरून एका बाजूचा ब्रेक किंवा रस्ता कमीजास्त पकडला तरी स्टिअरिंग हातातून ओढले जाऊ नये. स्पेसरचा प्रत्येक मिलिमीटर टायरचा मध्य एक मिलिमीटर बाहेर नेतो आणि ही रचना तेवढी मोडतो. मागे स्टिअरिंगच नसल्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. म्हणून मागे १५ आणि पुढे १० अशी सुरुवात करायची, आणि पुढचे चाचणीपुरते लावायचे, असे ठरवले.

कायद्याची बाजूही आजच पाहून घेतली. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. टायर मडगार्डच्या आतच राहिला तर गाडीची एकूण रुंदी बदलत नाही, पण पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात कुणाशी हुज्जत घालण्याची वेळ येऊ नये, म्हणून चाक कडेच्या बाहेर एक मिमीही जाऊ द्यायचे नाही, ही दुसरी अट. विमा कंपनीलाही बदलाची माहिती लेखी कळवली.

२० ऑक्टोबर

मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानात पहिल्यांदा जो माल दाखवला तो पाहताच परत ठेवला. एकाच चकतीत सगळ्या गाड्यांचे बोल्ट बसावेत म्हणून लांबट खाचा पाडलेल्या, मधले भोक ७० मिमीच्या वर आणि कास्ट ॲल्युमिनियम. अशी चकती हबच्या कॉलरवर बसतच नाही. ती बोल्टांच्या भरवशावर अधांतरी राहते आणि चाक मध्यावर आले की नाही हे नशिबावर सोडावे लागते.

घेतले ते ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचे, मधले भोक ५७.१ आणि बाहेरच्या बाजूला तेवढ्याच व्यासाची स्वतःची कॉलर असलेले. त्यांत १०० आणि ११२ अशा दोन्ही वर्तुळांवर भोके आहेत. फोक्सवॅगन गटातल्या गाड्यांसाठी ही सर्रास पद्धत आहे आणि ती चालते. पंधरा मिमीच्या चकतीचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते.

बोल्टांवर मात्र बराच वेळ गेला. कंपनीच्या बोल्टची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, गोलाकार असते, आणि दुकानदार देत होता ते बाहेरच्या अलॉयसाठीचे शंकूच्या बैठकीचे. "साहेब, कसला की बसतो," असे तो म्हणाला. कसल्यावर बसतो हे खरेच, पण चाकाच्या गोल खळग्यात शंकू बसतो तो एका केसाएवढ्या रेघेवर. त्याला समजावण्यापेक्षा एका चाकाच्या खळग्यात काळ्या मार्करची शाई फासली, शंकूचा बोल्ट हाताने फिरवून काढला आणि त्याच्यावर उमटलेले बारीक कडे दाखवले. मग कंपनीचा बोल्ट तसाच फिरवला तर त्याची अख्खी बैठक काळी झाली. त्याने दुसऱ्या दिवशी गोल बैठकीचे, १०.९ या मजबुतीच्या अंकाचे बोल्ट मागवून दिले. बैठकीखालची मूळ लांबी २७ मिमी आहे, त्यामुळे दहाच्या स्पेसरला ३७ आणि पंधराच्या स्पेसरला ४२ मिमीचे घेतले. हे दोन्ही संच दिसायला इतके सारखे आहेत की डब्यातून बाहेर काढताच त्यांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका दिला.

२४ ऑक्टोबर

संध्याकाळी व्हर्निअर घेऊन बसलो. चार स्पेसरांपैकी तिघांचे मधले भोक ५७.१ ते ५७.२ च्या दरम्यान आहे, चौथ्याचे ५७.४ भरले. कॉलरवर तो स्पष्ट हलत होता. बदलून मागितला आणि कुरकुर होऊन का होईना, मिळाला. जाडी प्रत्येक चकतीवर चार ठिकाणी मोजली; ०.०३ मिमीच्या आतला फरक आहे, तो चालेल. एवढ्या बारकाईचे कारण असे की हबच्या तोंडाचा व्यास १३० मिमी धरला आणि त्याच्या दोन टोकांत ०.१ मिमीचा तिरकेपणा राहिला, तर सुमारे ६०० मिमी व्यासाच्या टायरच्या कडेला तो जवळपास अर्धा मिमी होतो, आणि तेवढा डुगडुगाट ऐंशीच्या पुढे सीटपर्यंत पोहोचतो.

चाकाचा भार बोल्ट वाकून किंवा कापले जाऊन पेलत नाहीत, हे भाच्याला फोनवर समजावताना एक साधे गणित केले. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा पीळ, १२० न्यूटन-मीटर, बोल्टचा व्यास ०.०१४ मीटर आणि कोरड्या आट्यांसाठी टॉर्कचा गुणांक (सगळे घर्षण धरून) ठोकळमानाने ०.२ धरला, तर एका बोल्टचा ताण सुमारे ४३ किलोन्यूटन येतो, म्हणजे चार टनांहून थोडा जास्त, आणि पाच बोल्टांचा मिळून वीस टनांच्या वर. अख्खी गाडी एक टनाच्या आसपास आहे. हब, स्पेसर आणि चाक हे तीन पृष्ठभाग एवढ्या दाबाने एकमेकांवर आवळलेले असतात आणि त्यांच्यातले घर्षणच सगळा भार वाहते. कॉलरचे काम फक्त चाक मध्यावर आणण्याचे. म्हणून पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असणे हाच या कामाचा गाभा आहे. आट्यांना तेल लावायचे नाही ते याचसाठी. टॉर्कचा बराचसा भाग एरवी घर्षणातच खर्च होतो. तेलाने ते घर्षण कमी झाले की त्याच १२० न्यूटन-मीटरला बोल्ट अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो.

२७ ऑक्टोबर

चाके काढून हब घासले. नाशिकच्या आठ पावसाळ्यांचा गंज कॉलरच्या मुळाशी एका कड्यासारखा चढून बसला होता; वायर ब्रशने सुरुवात करून शेवटी कानस आणि पॉलिश पेपर वापरावा लागला. पुढची डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू पृष्ठभागाच्या वर आलेला नाही ना, तेही पाहिले. तो जरासाही वर असेल तर स्पेसर त्याच्यावर डोलत राहतो.

एवढे करूनही स्पेसर पूर्ण टेकत नव्हता. डोळ्याला टेकल्यासारखा दिसे, पण ०.०५ मिमीची फीलर पट्टी कडेने आरपार जात होती. चकती उलटी करून पाहिल्यावर कारण दिसले. हबची कॉलर तोंडाला जिथे मिळते तिथे काटकोन नसून थोडी गोलाई आहे, आणि स्पेसरच्या भोकाची आतली कडा धारदार असल्यामुळे ती त्या गोलाईवर चढून बसते. बोल्ट आवळले असते तर ॲल्युमिनियम तेवढे दाबले जाऊन चकती वरवर घट्टही झाली असती आणि काही दिवसांनी बोल्ट सैल झाले असते.

सातपूर एमआयडीसीत एका शेडमध्ये जुने लेथ चालवणारे एक टर्नर आहेत. आजूबाजूचे सगळे त्यांना नाना म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीआधी काम उरकतील का, असे फोन करून विचारले. "घेऊन या भाऊ, पण चारही एकदम आणा, एकेक आणू नका," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चकती चकमध्ये धरण्याआधी डायल लावून तिचे तोंड सरळ फिरते का ते पाहिले, मग भोकाच्या आतल्या कडेला दीड मिमीचा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार काढला. पहिल्या चकतीनंतर त्यांनी माझ्याकडून हबचे माप पुन्हा वदवून घेतले आणि मगच पुढच्या धरल्या. घरी येऊन लावले तर फीलर पट्टी कुठूनही शिरेना.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई आणि भाचा ओवाळणीसाठी आले होते, त्यामुळे जेवणे उरकल्यावर दुपारी पार्किंगमध्ये एक जास्तीचा हात मिळाला. जॅकवर उचलून गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालू नये.

हबच्या कॉलरवर अँटी-सीझचा अगदी पातळ हात दिला, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की गंजून एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वर्षी हातोडी मारूनही सुटत नाहीत. टेकणारे पृष्ठभाग, आटे आणि बोल्टच्या बैठका मात्र कोरड्या ठेवल्या. प्रत्येक बोल्ट आधी हाताने पूर्ण चढवला आणि आटे मोजले. एम१४×१.५ बोल्टसाठी किमान साडेसात आटे चढले पाहिजेत असा स्पेसर बनवणाऱ्यांचा दंडक आहे. इथे मूळ बोल्ट मूळ चाकासह जेवढे चढत होते तेवढेच, आठाच्या वर, आटे चढले. मागे बोल्ट जास्त लांब झाला तर ड्रमच्या आत ब्रेकच्या भागांना लागू शकतो, म्हणून मागची चाके हाताने फिरवून कान लावून ऐकली. घासण्याचा आवाज कुठेही नाही.

कसताना आधी चाक हवेत असताना एक सोडून एक असे हलके आवळले, मग गाडी जमिनीवर घेऊन टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत १२० न्यूटन-मीटर पूर्ण केले. भाच्याने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चाकावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

दिसण्याबाबत त्याचा शेरा असा : "मामा, मागून भारी दिसते, पण बाजूने काहीच फरक नाही." हे अगदी बरोबर आहे. स्पेसर चाक बाहेर नेतो, वर नेत नाही, त्यामुळे चाकावरची फट बोटभरही कमी होत नाही. उलट टायर कडेजवळ आल्यामुळे आतला काळा पोकळ भाग समोरून जरा जास्तच नजरेत येतो.

५ नोव्हेंबर

शहरातल्या शहरात ऐंशी-नव्वद किलोमीटर झाल्यावर सकाळी गाडी थंड असताना टॉर्क तपासला. पुढच्या दोन-तीन बोल्टांनी रेंचचा आवाज येण्यापूर्वी किंचित हालचाल केली, बाकीचे जागचे हलले नाहीत. नव्या पृष्ठभागांचा खडबडीतपणा दाबला जातो तेवढी हालचाल अपेक्षितच असते. रेघा नव्याने ओढल्या.

१० नोव्हेंबर

आजची चाचणी भरलेल्या गाडीची. घरच्या गणपतीचे विसर्जन आम्ही बादलीत करतो आणि शाडू माती जपून ठेवतो. त्यातली थोडी भिजवून मळली आणि चारही मडगार्डच्या कडेच्या आतल्या अंगाला साधारण तीन मिमी जाडीची पट्टी थापली. पुढे प्लास्टिकच्या अस्तरावर, चाक पूर्ण वळल्यावर टायरचा कोपरा जिथे येतो तिथेही एकेक गोळा चिकटवला. मग घरची मंडळी बसवली, डिकीत तांदळाचे दोन कट्टे ठेवले आणि इंदिरानगरच्या बोगद्यातून पलीकडे, तिथून पाथर्डी फाट्याकडे, वाटेतले सगळे गतिरोधक घेत, आणि मोकळ्या चौकात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग तोडून फिरलो. आईने "हे कसले फिरणे" असे विचारले, तिला परतताना भेळ खाऊ घातली.

पुढची माती दोन्ही बाजूंना जशीच्या तशी राहिली. अस्तरावरचे गोळेही शाबूत होते. कंपनीच्या उंचीवर तिथे जागा भरपूर आहे. मागे उजवीकडेही काही नाही. मागे डावीकडे मात्र कडेच्या वरच्या भागात चार बोटे लांबीची पट्टी घासून गुळगुळीत, काळपट झाली होती आणि मातीची मागची कड मुरडून वर गेली होती. हिशेब जुळतो : १९ मधून १५ गेले की उरतात चार मिमी, त्यात तीन मिमी माती, आणि भरलेली गाडी डावीकडे कलंडून गतिरोधकावर आदळताना टायरचा फुगवटा बाजूला सरकतो तो वेगळा. पत्र्याला टायर अजून लागलेला नाही, पण मध्ये उरलेली जागा एका खोल खड्ड्यात संपेल एवढीच आहे. मडगार्डची कड आतून वळवून देणारे लोक शहरात आहेत. मात्र तिथला रंग तडकला की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो, आणि तीन मिमीसाठी गाडीचा पत्रा मारून घेणे मला योग्य वाटत नाही. मागे पंधरा ठेवायचे नाहीत हे आज नक्की झाले.

१७ नोव्हेंबर

आजचा दिवस पुढच्या चाकांसाठी. सिन्नरजवळून समृद्धी महामार्गावर चढून इगतपुरीपर्यंत १०० च्या स्थिर वेगाने गेलो. स्टिअरिंगवर किंवा सीटखाली कंप अजिबात नाही, म्हणजे नानांचा चॅम्फर आणि हबची घासाई कामी आली. तिथून जुन्या महामार्गाने कसारा घाट उतरून पुन्हा चढलो, ब्रेक मुद्दाम बऱ्यापैकी तापवले. घरी परतून गाडी पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पाहिला. मागच्या बोल्टांची एकही रेघ तुटलेली नाही.

स्टिअरिंगची वागणूक मात्र बदलली आहे. घाटाच्या चढाला जड ट्रकांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्यांत पुढची चाके शिरली की स्टिअरिंग त्या चाकोरीच्या बाजूला जाऊ पाहते आणि दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागते. पूर्वी याच रस्त्यावर एका हाताने चालत असे. परतीच्या वाटेवर गंगापूर धरणाकडच्या एका रिकाम्या फाट्यावर डावी चाके कडेच्या मुरुमावर आणि उजवी डांबरावर ठेवून चाळीसच्या वेगाने मध्यम ब्रेक दाबला. स्टिअरिंगने उजवीकडे स्पष्ट झटका दिला. तिथेच सावलीत पुढचे स्पेसर काढले, मूळ बोल्ट लावले आणि तीच चाचणी त्याच जागी घेतली. झटका बराच मंद झाला. सोळा ऑक्टोबरला कागदावर मांडलेला स्क्रब रेडियसचा विचार इथे मनगटाला कळला. दहा मिमीच्या पुढच्या स्पेसरने गाडी धोकादायक झाली असे मी म्हणणार नाही, आणि पुष्कळ लोक ती आनंदाने चालवतीलही. पण ही गाडी पत्नीही चालवते, पावसात चालवते, आणि बदललेल्या स्टिअरिंगच्या मोबदल्यात पुढून दिसणारा फरक नखाएवढाही नाही. पुढे काही लावायचे नाही.

२४ नोव्हेंबर

मागचे पंधराचे स्पेसर काढून तिथे पुढचे दहाचे बसवले. बोल्टही ३७ मिमीचे तेच. ४२ चे बोल्ट त्याच क्षणी वेगळ्या डब्यात बंद करून पंधराच्या स्पेसरांसोबत विकायला काढले, कारण ते चुकून दहाच्या स्पेसरवर गेले तर पाच मिमी जास्त आत जातील.

ओळंबा पुन्हा सोडला. मागे डावीकडे ९ आणि उजवीकडे १२ मिमी, पुढे पूर्वीचेच १३ आणि १४. गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहून पाहिले तर पुढची-मागची चाके आता एका रेषेत वाटतात. ज्या कारणासाठी हे सगळे आरंभले ते साधले आहे, आणि तेही विचार केला होता त्याच्या निम्म्याहून कमी ॲल्युमिनियममध्ये. मागची रुंदी एकूण २० मिमीने वाढली, त्यामुळे वळणावर मागची पकड तत्त्वतः कणभर सुधारावी आणि पुढचे टोक आधी बाहेर जाण्याची प्रवृत्ती तेवढीच वाढावी. प्रत्यक्षात रोजच्या वेगात मला तरी काही जाणवले नाही. शाडूची चाचणी त्याच वाटेने, त्याच भाराने पुन्हा घेतली आणि माती चारही ठिकाणी कोरडी, अखंड निघाली.

अलाइनमेंट तपासून घ्यावी का, असे भाच्याने विचारले. स्पेसरने टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असणे) किंवा कॅम्बर बदलत नाही, त्यामुळे केवळ यासाठी गरज नाही. मागच्या बेअरिंगवर मात्र भार बाहेरून पडत असल्याने पिळाचा जोर थोडा वाढतो; दहा मिमीला तो थोडाच आहे, तरी सर्व्हिसिंगच्या वेळी चाक हवेत हलवून आवाज आणि ढिलेपणा पाहण्याचे काम यादीत घातले.

१५ डिसेंबर

टॉर्क कायम आहे, रेघा जागेवर आहेत. मखमलाबादकडच्या खडी टाकलेल्या रस्त्यावरून एकदा जावे लागले, त्यात मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर बारीक खडे उडाल्याच्या खुणा आल्या आहेत. टायर बाहेर आला की एवढे होणारच, तिथे पारदर्शक फिल्म लावून घेतली.

विमा कंपनीचे उत्तर आले, त्यांनी नोंद घेतली असून हप्त्यात बदल नाही.

स्टेपनीचा विषय बाकी होता. मागचे चाक पंक्चर झाले तर स्पेसर जागेवर ठेवूनच स्टेपनी ३७ च्या बोल्टांवर लावायची. लोखंडी रिमची बैठकही गोलच असल्यामुळे ते बसतात, लावून पाहिले. पण कुणी रस्त्यात मदतीला आला आणि त्याने स्पेसर काढून लांब बोल्ट तसेच कसले, तर ते दहा मिमी जास्त आत शिरून ड्रममध्ये अडकतील. म्हणून मूळ २७ मिमीचे दहा बोल्ट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवले आणि पिशवीवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिले : स्पेसर काढल्यास फक्त हेच बोल्ट लावावेत. पत्नीलाही ते दाखवून ठेवले. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, मागचे दोन्ही स्पेसर एकदा काढून कॉलर घासायची आणि अँटी-सीझचा नवा हात द्यायचा आहे.